दाढ दुखायची थांबली!

नाक आणि डोळे यांचा अपवाद सोडला, तर आपल्या मराठी भाषेने दातांइतका राबवून घेतलेला दुसरा अवयव नसेल. आपण दात काढतो, दातओठ खातो, समजावताना दाताच्या कण्या करतो आणि प्रसंगी दुसऱ्याचे दात त्याच्याच घशात घालतो. एवढी कामे ज्यांच्याकडून करून घ्यायची, त्यांची विचारपूस मात्र ते दुखू लागेपर्यंत करायची नाही, आणि दुखू लागल्यावरही शक्यतो करायची नाही, ही आमच्या घराण्याची रीत. मी ती साठ वर्षे इमानेइतबारे पाळली. गेल्या दिवाळीत ती मोडली. कशी मोडली, ते सांगतो.

श्रावणात सुरुवात झाली. माठातले गार पाणी प्यालो की खालच्या उजव्या दाढेतून एक सणक जायची आणि क्षणभरात नाहीशी व्हायची. यावर मी एक रामबाण उपाय शोधून काढला. गार पाणी पिणे सोडून दिले! जेवण डाव्या बाजूने सुरू केले. सौभाग्यवती म्हणाली, "अहो, एकदा दाखवून या ना दाढ." मी म्हणालो, "अगं, एवढ्याशा गोष्टीसाठी डॉक्टरकडे जायला लागलो, तर डॉक्टरला घरीच ठेवून घ्यावा लागेल." हे वाक्य माझे मलाच फार आवडले. दाढेला आवडले नसावे.

कारण गणपती आले आणि दाढेने आपला मोर्चा गार पाण्याकडून गरम चहाकडे वळवला. आता कळ क्षणभराची राहिली नाही. चहा संपून पेला विसळून झाला, तरी ठणका अर्धा अर्धा तास चालू असायचा. पुढे पुढे तर चहाचेही निमित्त लागेना. दिवसभर बरे असायचे आणि रात्री उशीला डोके टेकले की दाढेत कोणी लोहाराने भाता लावल्यासारखे व्हायचे. उठून बसलो की जरा कमी. अशा कित्येक रात्री मी आरामखुर्चीत काढल्या.

दाढदुखी झाली की जगातला प्रत्येक माणूस वैद्य असतो, हे मला त्या दिवसांत कळले. कोणी हिंगाची गोळी धरायला सांगितली, कोणी पेरूची पाने उकळून चुळा भरायला. लवंगेच्या तेलाने खरोखर थोडा वेळ बधिरपणा यायचा. लवंगेत युजेनॉल नावाचे द्रव्य असते, त्याचा तो गुण. पण शेजारच्या एका गृहस्थांनी अॅस्पिरिनची गोळी दाढेशेजारी दाबून ठेवायला सांगितली, आणि मी ती ठेवली. त्या गोळीने दाढ तर राहिलीच, हिरडी मात्र भाजून पांढरी पडली. ती गोळी पोटात गेली तरच काम करते. हिरडीवर ती आम्लासारखी पोळते.

आणि मग नवरात्रात चमत्कार झाला. एके सकाळी उठलो, तर दाढ दुखायची थांबली! गार पाणी प्यालो; काही नाही. कढत चहा प्यालो, काही नाही. मी सौभाग्यवतीला म्हणालो, "बघ! उगीच पैसे घालवले असते." त्या आनंदात मी उजव्या बाजूने सुपारीदेखील फोडली.

धनत्रयोदशीच्या पहाटे आरशात पाहिले, तेव्हा आरशातला माणूस मला ओळखू येईना. उजवा गाल लिंबाएवढा सुजलेला, अंगात ताप. सौभाग्यवतीने या वेळी "दाखवून या" म्हटले नाही. रिक्षाच बोलावली.

आमच्या पेठेतल्या दातांच्या डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. दवाखान्यात धन्वंतरीची पूजा नुकतीच झालेली, धण्याचा आणि गुळाचा नैवेद्य अजून पाटावर होता. त्यांनी आधी दाढेकडे पाहिलेच नाही. विचारले, "काका, तोंड पुरते उघडतं का? गिळताना त्रास होतो का? श्वास अडतो का? सूज मानेकडे उतरली आहे का?" मी सगळ्याला नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा सैल झाला. म्हणाल्या, "यातलं एकही हो असतं, तर तुम्हाला इथे बसवलंच नसतं. सरळ मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं असतं. जबड्याखालची सूज घशाचा मार्ग बंद करू शकते."

मी घाबरून म्हणालो, "पण बाई, नवरात्रापासून तर दाढ दुखत नव्हती!"

त्या हसल्या. "काका, दुखणं थांबलं ते दाढ बरी झाली म्हणून नाही. आतली नस मेली म्हणून."

मग हिरडीत भुलीचे इंजेक्शन देता देता त्यांनी मला माझ्याच दाढेची गोष्ट सांगितली. दाताचे वरचे कवच, ज्याला इनॅमल म्हणतात, ते आपल्या शरीरातली सर्वांत कठीण वस्तू, हाडाहूनही कठीण. पण हाड मोडले तर जुळते, कवच गेले की पुन्हा येत नाही. गोड खाल्ल्यावर तोंडातले जंतू त्या साखरेचे आम्ल करतात आणि ते कवच झिजवते. कवचाच्या खालच्या थरात सूक्ष्म नळ्या असतात. तिथवर कीड पोचली की गार पाणी लागते, पण कळ क्षणात जाते. हा पहिला निरोप. या वेळी आलेल्याची दाढ एका बैठकीत भरून मिळते. कीड गाभ्यातल्या नसेपर्यंत गेली की गरम लागते, कळ रेंगाळते, रात्री ठणका लागतो. गाभ्याभोवती चहूकडून कठीण भिंती, आतल्या सुजेला फुगायला जागा नाही. त्यात आडवे पडले की डोक्याकडे रक्त अधिक येते. हा दुसरा निरोप. तिसरा निरोप म्हणजे शांतता. नस मेलेली असते आणि मुळाशी पू साठू लागलेला असतो.

"तुम्हाला तिन्ही निरोप पोचले होते, काका. श्रावणात आला असतात, तर अर्ध्या तासाचं काम होतं."

दाढ उघडून त्यांनी पू काढला, औषधे दिली. नुसत्या जंतुनाशक गोळ्यांनी दाढदुखी बरी होत नाही, मुळातली घाण निघावीच लागते, हेही बजावले. पुढे तीन खेपा घालून मुळे साफ करून दाढ वाचली. आणि खरे सांगतो, सुई टोचली तेवढेच काय ते दुखले. मी ज्या भीतीने तीन महिने रात्री जागवल्या, ती भीती पावणेदोनशे वर्षांची शिळी होती. १८४४ साली अमेरिकेत होरेस वेल्स नावाच्या दंतवैद्याने हसविणारा वायू हुंगून स्वतःचीच दाढ काढवून घेतली, तेव्हापासून हे शास्त्र वेदनेशी झगडत आले आहे. आपल्याकडे डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० साली कलकत्त्याला दातांचे पहिले कॉलेज काढले, त्यालाही शंभर वर्षे उलटली. आम्ही मात्र अजून लवंगेपाशीच!

ते इंजेक्शन चढेपर्यंत बाईंनी सहज विचारले होते, "घरात कुणाचे दात लवकर गेले होते का?" आणि मला आई आठवली.

वाईजवळच्या आमच्या खेड्यात आई चुलीपुढे बसून एका हाताने भाकरी थापायची आणि मध्येच पदराचा बोळा गालाशी धरायची. दाढेत लवंग असायचीच. पुढे ठणका मारायला म्हणून तिने मिसरी लावायला सुरुवात केली. तंबाखू तव्यावर जाळून केलेली ती काळी भुकटी. दातांचा डॉक्टर साताऱ्याला, एस.टी.चे भाडे, त्याची फी, आणि आम्हा दोघांच्या शाळेच्या फिया. मग आठवड्याच्या बाजारात चादर अंथरून बसणाऱ्या माणसाकडून तिने एकेक दाढ उपटून घेतली. पंचेचाळिशीत तिच्या तोंडात एक दाढ उरली नव्हती. दिवाळीला ती कुरकुरीत चकल्या करायची आणि स्वतः एकही खायची नाही. "मला मेलीला आवडतच नाही चकली," म्हणायची. आम्ही ते खरे मानले. तिचे ऐकून आम्ही तिच्या वाटणीच्याही खाल्ल्या.

त्या खुर्चीत, तोंडाचा आ करून बसलो असताना, मला प्रथमच कळले की आईला चकली आवडत असली पाहिजे.

भाऊबीजेला ताई गावाहून आली. माझ्याहून चार वर्षांनी थोरली. ओवाळून झाले, सौभाग्यवतीने फराळाचे ताट पुढे ठेवले. ताईने चिवडा चिवडला, लाडू भुगा करून खाल्ला, आणि चकली उचलून अलगद माझ्या ताटात ठेवली.

"का गं ताई?"

"मला नाही रे आवडत चकली."

मी हातातला घास खाली ठेवला. म्हणालो, "ताई, तोंड उघड बघू." ती आधी हसली, मग रागावली, मग डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "अरे, एक दाढ ठणकतेय तीन महिने. ह्या वयात कुठं खर्चात पाडायचं तुम्हाला?"

त्या वर्षीची ओवाळणी मी ताटात घातली नाही. दुसऱ्या दिवशी तिला घेऊन बाईंच्या दवाखान्यात गेलो. दोन दाढा वाचण्याजोग्या निघाल्या. पण गालाच्या आत एक पांढरा चट्टा होता, आईसारखीच मिसरी लावण्याची जागा. बाईंचा आवाज बदलला. म्हणाल्या, "मावशी, मिसरी आजपासून बंद. पंधरा दिवसांनी पुन्हा दाखवायचं. तोंडातला चट्टा किंवा व्रण दोन आठवड्यांत गेला नाही, तर तुकडा काढून तपासावाच लागतो. न दुखणाऱ्या चट्ट्याला जास्त भ्यायचं."

ते पंधरा दिवस ताई आमच्याकडेच राहिली. मिसरीची डबी मी स्वतः कचऱ्यात टाकली. ते दिवस आम्ही दोघांनी कसे काढले, ते आमचे आम्हांला ठाऊक. पंधराव्या दिवशी चट्टा बराच फिका झाला होता. महिन्याने दिसेनासा झाला. आता ती दर सहा महिन्यांनी तपासून घ्यायला येते, तेव्हा आमच्याकडेच उतरते.

यंदा सौभाग्यवतीने चकल्या जरा कडक केल्या आहेत. भाऊबीजेला ताई यायची आहे. तिच्या ताटातल्या चकल्या मी मोजून ठेवणार आहे, आणि माझ्या ताटात एकही येऊ देणार नाही.