पाण्याची गोळी

औषधांनाही माणसांसारखे स्वभाव असतात, असे माझे जुने मत आहे. खोकल्याचे औषध गोडबोले. घशाची समजूत घालते आणि आपल्या वाटेने निघून जाते. झोपेची गोळी अबोल. तापाची गोळी कष्टाळू, स्वतः राबते आणि आपल्यालाही घाम काढते. पण लघवीच्या गोळीइतकी आगाऊ गोळी मी दुसरी पाहिली नाही. ती पोटात गेली की तास-दीड तासात तुम्हाला हाताला धरून उठवते. तुम्ही कीर्तनाला बसला आहात, की विहिणींच्या पंगतीत, की एखाद्याच्या दुःखाच्या बैठकीत, याच्याशी तिला काही कर्तव्य नसते. डॉक्टर तिला ‘डाययुरेटिक’ म्हणतात, वैद्य ‘मूत्रल’ म्हणतात, आणि आमच्या घरात, चारचौघांत नाव घेता यावे म्हणून, तिला ‘पाण्याची गोळी’ म्हणतात.

ही गोळी आमच्याकडे दोघींना आहे. मला ब्लडप्रेशरसाठी, आणि माझ्या ८६ वर्षांच्या आईला, तिचे हृदय थकल्यामुळे अंगात पाणी साठते म्हणून. दोघी एकाच घराण्यातल्या, पण स्वभाव वेगळे. माझी थायाझाइड जातीची, शांत, दिवसभर हळूहळू काम करणारी. आईची फ्युरोसेमाइड म्हणजे वळवाचा पाऊस. तिचे ‘लॅसिक्स’ हे नाव ‘लास्ट्स सिक्स’, म्हणजे सहा तास टिकते, यावरून पडले असे सांगतात. त्या सहांतले पहिले दोन-तीन तास आई घराबाहेर पाऊल टाकत नाही.

गंमत अशी, की ‘पाण्याची गोळी’ हे नावच मुळी फसवे आहे. आपली मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळतात आणि त्यातला दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळा रक्ताला परत करतात. इतका चोख हिशेब सराफकट्ट्यावरही सापडायचा नाही. या परतीच्या वाटेवर मीठ पुढे असते आणि पाणी त्याच्या मागे. गोळी पाण्याला काही करत नाही. ती मिठाची परतीची वाट अडवते. मीठ बाहेर निघाले की पाणी त्याच्या मागोमाग निघते, नवरदेवामागे वऱ्हाड निघावे तसे. नसांतला द्रव उतरला की दाब उतरतो, पायांत साचलेले पाणी हलते, छातीवरचा भार कमी होतो. म्हणून या गोळीचे खरे भांडण मिठाशी आहे. सकाळी गोळी घ्यायची आणि दुपारी चिवडा, शेव, चकली यांचे ताट पुढे ओढायचे, म्हणजे एका हाताने दार लोटायचे आणि दुसऱ्याने उघडायचे. दिवसाला पाच ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट चमचाभर, पुरे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. नावडतीचे मीठ अळणी असते म्हणतात. आमच्या घरी हल्ली आवडतीचेही अळणीच असते.

या गोळीचा इतिहास मी कुतूहलाने वाचला, आणि त्यातली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. १९१९ साली व्हिएन्नाच्या एका इस्पितळात आल्फ्रेड फोगल नावाचा वैद्यकीचा विद्यार्थी काम करत होता. उपदंशाच्या एका तरुण रुग्ण मुलीला त्याने त्या रोगावरचे पाऱ्याचे नवे इंजेक्शन दिले. तिथल्या परिचारिका रुग्णांची लघवी रोज मोजून तक्त्यावर मांडत असत. त्या तक्त्यावरची रेघ एकाएकी उंच चढली. फोगलला नवल वाटले. त्याने पुन्हा करून पाहिले, पुन्हा तेच. अंगातले साठलेले पाणी खात्रीने उतरवणारे औषध अशा रीतीने सापडले. पारा विषारी खरा, पण पुढची तीस-पस्तीस वर्षे सुजलेल्या रुग्णांना त्याच्याच इंजेक्शनांचा आधार होता. श्रेय त्या विद्यार्थ्याचे आहेच. पण ज्या गोष्टीचा उल्लेख करतानाही आपण पदर तोंडाला लावतो, ती रोज मापाने मोजून लिहून ठेवणाऱ्या त्या परिचारिका नसत्या, तर त्याला दिसले काय असते?

घेता येईल आणि सोसेल अशी गोळी यायला मात्र वेळ लागला. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचे डॉक्टर १९४४ साली त्यांना हृदयासाठी डिजिटॅलिस देत होते आणि जेवणातले मीठ कमी करत होते. त्याहून फारसे काही त्यांच्या हाती नव्हते. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले, तेव्हा त्यांचा वरचा दाब ३०० च्या पुढे होता. एवढे प्रचंड सैन्य ज्याच्या शब्दावर हलत होते, त्याला आज कोपऱ्यावरच्या दुकानात मिळणारी माझी गोळी मिळू शकली नाही. त्या जातीची पहिली गोळी, क्लोरोथायाझाइड, बाजारात आली १९५८ साली.

पुढे १९६७ मध्ये अमेरिकेतल्या निवृत्त सैनिकांच्या इस्पितळांतून एक मोठी परीक्षा झाली, आणि फार वाढलेला दाब औषधांनी उतरवला तर माणसे वाचतात, हे तिच्यात स्पष्ट दिसले. तिथे दिलेल्या तीन औषधांपैकी एक पाण्याची गोळी होती आणि एक आपल्या सर्पगंधेपासून काढलेले रेसर्पिन. त्या सर्पगंधेची रक्तदाबावरची करामत मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ सालीच इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात मांडली होती. सर्पगंधा आता मागे पडली, पाण्याची गोळी टिकली. २००२ साली तेहतीस हजारांवर रुग्णांना जवळजवळ पाच वर्षे तपासून पाहिले, तेव्हा ही जुनी, स्वस्त गोळी नव्या महाग गोळ्यांच्या तोडीस तोड ठरली. हृदय थकण्यापासून वाचवण्यात तर थोडी सरसच.

इतकी गुणी गोळी. पण तिला पोटात जावे लागते, आणि नेमके तिथेच आमच्या आईचे आणि तिचे जमत नव्हते.

आई साताऱ्याला असते. तुळशीचे लग्न लागले, की तिच्याकडे आमंत्रणपत्रिकांचा ढीग पडतो; आमच्या गोतावळ्यात तिने अक्षता टाकल्याशिवाय कोणाचे लग्न लागल्यासारखे वाटत नाही. दोन वर्षांपूर्वीच्या मार्गशीर्षातही असेच चालले होते. मी पुण्याहून रोज फोनवर विचारी, “गोळी घेतलीस?” ती म्हणे, “घेतली हो.” कोणत्या दिवशीची, हे ती सांगत नसे. मग एकदा चपलेचा पट्टा रुतू लागला. घोट्यावर बोट दाबले, की मळलेल्या कणकेत पडावा तसा खड्डा पडे आणि भरून यायला वेळ लागे. एका उशीच्या दोन झाल्या, दोनांच्या तीन. आणि एका रात्री शेजारच्या वहिनींचा फोन आला : “काकू पलंगावर बसून आहेत. आडवं पडलं की जीव घुसमटतो म्हणतात. आम्ही दवाखान्यात नेतोय.”

मी पोचले तेव्हा शिरेतून औषध सुरू होते. पहाटेपर्यंत तिचा श्वास खाली बसला. तीन दिवसांत तिचे वजन चार किलोंनी उतरले. चार किलो म्हणजे चार लिटर पाणी! विहिरीवरून आणलेली कळशी घरात येऊन उतरवतात तरी. हिने ती आठवडेच्या आठवडे अंगात वागवली होती.

तिसऱ्या दिवशी एक तरुण डॉक्टरीणबाई पलंगाच्या कडेला येऊन बसल्या. घाईत नव्हत्या. म्हणाल्या, “आजी, गोळी कधी चुकते का हो?”

आई म्हणाली, “चुकत नाही. मी चुकवते.”

आणि मग सगळे बाहेर आले. बाहेरगावी जायचे त्या दिवशी ती गोळी घेत नसे. साताऱ्याहून कोल्हापूर तीन तासांचा रस्ता. गाडी थांबेल तिथे बाईमाणसाला जाण्याजोगी जागा असेल की नाही, असली तर दाराला कडी असेल की नाही, कोणी सांगावे? कार्यालयात पोचल्यावर तरी पाहुण्यांच्या गर्दीत वाट काढत, गुडघे धरत, किती वेळा उठायचे? एकादशीचे कीर्तन, शनिवारचा मारुती, हळदीकुंकू, अशा सगळ्या दिवशी गोळी कुंकवाच्या जुन्या करंड्यात जाई. अन्न आणि औषध टाकू नये, ही तिची शिकवण. म्हणून फेकलेली नव्हती. नंतर मी मोजल्या. नऊ होत्या.

“मग आधीच्या डॉक्टरांना सांगितलं का नाही?” मी विचारले.

“त्याला काय सांगू? तुझ्या धाकट्या मामाच्या वर्गातला तो. आमच्या ओसरीवर गोट्या खेळायचा.”

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, “लग्नाहून परत किती वाजता येता?”

“दोन-तीनला.”

“मग त्या दिवशी घरी आल्यावर तीनला घ्या. त्याहून फार उशीर नको. रात्रभर उठावं लागेल, आणि अंधारात पडाल.”

“एवढंच?”

“एवढंच.”

आई माझ्याकडे वळली. “बघ. मला वाटायचं, सकाळ म्हणजे सकाळच. नैवेद्यासारखी. चुकली वेळ की गेला दिवस.”

हा तोडगा आईसाठी, तिला तपासून दिलेला आहे. आपापल्या गोळीची वेळ आपापल्या डॉक्टरांनाच विचारावी. या गोळीच्या इतरही खोड्या आहेत. मिठाबरोबर ती पोटॅशियमही बाहेर नेते, आणि मग गोळीपायी पायांत गोळे येतात. म्हणून अधूनमधून रक्त तपासावे लागते. त्यावर कोणी परस्पर शहाळी आणि केळी सुचवतो. पण याच घराण्यातल्या काही गोळ्या पोटॅशियम धरून ठेवणाऱ्या असतात, आणि तिथे हा उपाय अंगाशी येतो. आई आता रोज सकाळी काट्यावर उभी राहते आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेत, दुधाच्या हिशेबाशेजारी, वजन लिहिते. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर तिने फोन करायचा आहे. व्हिएन्नाच्या त्या परिचारिकांचा तक्ता साताऱ्याच्या स्वयंपाकघरात असा चालू आहे.

पण माझ्या मनात राहिले ते आईचे ‘मी चुकवते’. आपल्याकडच्या बायका घराबाहेर पडायच्या दिवशी पाणीसुद्धा पीत नाहीत. लेकींना आया हेच शिकवतात. पुण्याच्या ‘मिळून साऱ्याजणी’ मासिकाने हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात नेला आणि २०१५ साली न्यायालयाने स्त्रियांसाठी स्वच्छ स्वच्छतागृहे पुरवण्याबद्दल महापालिकांना आदेश दिले. राज्य परिवहनाच्या गाड्यांतून २०२२ सालापासून ७५ वर्षांवरच्यांचा प्रवास मोफत झाला. आईला याचे केवढे अप्रूप! पण तिकीट माफ झाले म्हणून गोळी घेता येत नाही. त्यासाठी वाटेत एक दार लागते, आतून बंद होणारे. डॉक्टर चिठ्ठीवर औषध लिहू शकतात, दार कसे लिहिणार?

रस्त्यावरची दारे आपल्या हाती नाहीत. घरातले आहे. दिवाळीत तुमच्याकडे पाहुण्या येतील. कोणाची मावशी, कोणाची आत्या, जिना चढून दमलेल्या. त्यांना पाण्याचा तांब्या द्याल, फराळाचे ताट पुढे कराल. तत्पूर्वी त्यांच्याजवळ जाऊन हळूच सांगा, “मावशी, मोरी या बाजूला आहे. दिवा डावीकडे, आणि कडी नीट लागते.” त्या बहुधा “नको गं, काही घाई नाही” असेच म्हणतील. दहा मिनिटांनी मात्र उठतील.