शक्तिमानची पोटदुखी

खंबाटकी घाटाच्या पायथ्याशी एका गॅरेजच्या आवारात, आंब्याच्या झाडाखाली तो उभा असतो. पुढे लांब नाक, दोन्ही बाजूंना वटारलेल्या डोळ्यांसारखे दिवे, आणि पाठीवर एके काळच्या ताडपत्रीच्या जागी आता क्रेनचा लोखंडी हात. लिलावानंतर त्याला दोन-तीनदा रंग चढला. तरी दाराच्या कडेला नखाने खरवडलं की खालून लष्करी हिरवा डोकावतोच. हा शक्तिमान, फौजेतला जुना ट्रक. जवळ जाण्याआधी थोडी माहिती करून घ्या, कारण पहिल्याच भेटीत तो तुमच्याशी नीट वागेल याची खात्री नाही.

घराणं मोठं आहे. जर्मनीतल्या आउग्सबुर्गच्या ज्या कारखान्यात रुडॉल्फ डिझेलने १८९३ ते १८९७ या काळात आपलं पहिलं इंजिन घडवलं, तिथूनच पुढे मान कंपनी उभी राहिली. तिने १९२४ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात डिझेलवर चालणारा ट्रक मांडला. त्याच मानच्या परवान्यावर जबलपूरमध्ये १९५९ च्या सुमारास शक्तिमान बनू लागला. कृष्ण मेनन तेव्हा संरक्षणमंत्री होते आणि सैन्याची गाडी देशातच बनली पाहिजे असा त्यांचा आग्रह होता. जोंगा आणि निसान वनटन या गाड्या त्याची जबलपूरचीच भावंडं. १९९६ मध्ये त्याचं उत्पादन थांबलं आणि पुढच्याच वर्षी दूरदर्शनवर त्याच्या नावाचा लाल पोशाखातला नायक गरगर फिरू लागला. आवारात येणारी पोरं आजही ट्रकवरचं नाव वाचून तशीच गिरकी घेतात. खरा शक्तिमान हा, हे त्यांना समजावून सांगावं लागतं.

ताकदीचा त्याला गर्व आहे, आणि तो शोभतो. चारही चाकांना जोर दिला की ओढ्याच्या गोट्यांवरून, चिखलातून तो असा निघतो की जणू वाटच त्याला शरण आली आहे. पण एवढ्या आडदांड गड्याचं पोट मात्र फार नाजूक. दगड पचवेल असं वाटतं, आणि पाण्याचा एक थेंब सोसत नाही.

त्याचं कारण इंजिनाच्या बाजूला बसलेल्या डिझेल पंपात आहे. टाकीतलं डिझेल आधी जाड गाळणीतून फीड पंपाकडे येतं, तिथून फिल्टरमध्ये, मग मोठ्या पंपात आणि शेवटी सहा पोलादी नळ्यांतून सहा नोझलांकडे. मोठ्या पंपात प्रत्येक नळीसाठी एक प्लंजर असतो. प्लंजर आणि त्याची नळकांडी यांत दोन-तीन मायक्रॉनची फट; आपला केस त्याच्या वीसपट जाड असतो. या फटीला वंगण डिझेलचंच. तिथे पाणी शिरलं तर वंगण गेलं, गंज आला. रॉबर्ट बॉशने हा पंप १९२७ मध्ये कारखान्यात मोठ्या संख्येने बनवायला घेतला, आणि पुढे बेंगळुरूच्या माइकोने तो आपल्याकडे रुजवला. इतका, की आपले मिस्त्री असल्या कुठल्याही पंपाला डोळे झाकून माइकोच म्हणतात.

या शक्तिमानची भाषा कळणारा माणूस एकच, आवारातले मेजर. हुद्द्याने ते मेजर नव्हते. ईएमई या फौजेच्या यंत्रदुरुस्ती शाखेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. पण आमच्याकडे फौजेतून आलेला प्रत्येक माणूस मेजरच. त्यांनी हयातीत असले किती ट्रक बरे केले याचा हिशेब त्यांच्याकडे नाही, आणि विचारलेलं त्यांना आवडतही नाही.

शक्तिमानची सर्वांत जुनी खोड म्हणजे पोटात वारा धरणं. सकाळी स्टार्टर मारला की तो ऐटीत उठतो, दहा-पंधरा सेकंद घुमतो आणि मान टाकतो. पुन्हा मारा, नुसता स्टार्टर फिरत राहतो. खाली वाकून पाहावं तर जमीन कोरडी, कुठे थेंब नाही. नवा माणूस इथेच फसतो. गळती नाही म्हणजे नळ्या ठीक, असं तो धरून चालतो. पण टाकीपासून फीड पंपापर्यंतची वाट ओढीवर चालते. तिथे फट पडली तर इंजिन चालू असताना डिझेल बाहेर पडत नाही, बाहेरची हवा आत ओढली जाते. रात्री गाडी उभी राहिली की त्याच फटीतून हवा शिरते आणि नळीतलं डिझेल गुपचूप टाकीत उतरतं. पंपात उरलेल्या घोटभर डिझेलवर सकाळचे ते दहा-पंधरा सेकंद निघतात, एवढंच.

मेजरांकडे वीतभर लांबीची पारदर्शक नळी आहे. ती फीड पंपाच्या अलीकडे जोडायची आणि इंजिन चालू करून पाहत बसायचं. सोड्याच्या बाटलीतल्यासारखे बुडबुडे जाताना दिसले की आजार पक्का झाला. मग टाकीच्या दिशेने एकेक सांधा तपासायचा. परवाच्या खेपेला दोष निघाला बॅन्जो बोल्टखालच्या तांब्याच्या वायसरमध्ये. आधीच्या कुणीतरी जुनाच वायसर पुन्हा बसवला होता. तांबं एकदा दाबलं गेलं की कडक होतं आणि दुसऱ्यांदा नीट बसत नाही. लाल होईपर्यंत तापवून मऊ करावं, नाहीतर सरळ नवा घालावा. चार महिन्यांचा त्रास एका वायसरसाठी.

हवा काढण्याचा सोहळाही बघण्यासारखा. फिल्टरवरचा स्क्रू दोन आटे सैल करायचा आणि फीड पंपावरची हाताची दांडी दाबत राहायची. आधी फसफस फेस येतो, मग थुंकल्यासारखे तुटक थेंब, आणि शेवटी अखंड, स्वच्छ, काचेसारखी धार. धार चालू असतानाच स्क्रू आवळायचा. मग तेच मोठ्या पंपावर. ढेकर दिल्याशिवाय तो कामाला लागत नाही. घाई केली तर बॅटरी बसते, त्याचं काही जात नाही.

दुसरी खोड रुसण्याची. लिलावातून आला त्या वर्षी तो रोज घाटात ठरल्यासारखा अर्ध्या तासाने बंद पडायचा. दहा मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू. ड्रायव्हरने तर त्याची जागा ठरवून टाकली होती. त्या वळणावर तो आपसूक बिडी काढायचा. मेजर एक दिवस सोबत बसले. ट्रक थांबताच ते उतरले, इंजिनाकडे बघितलंही नाही, सरळ टाकीचं झाकण उघडलं. भस्सकन हवा आत ओढली गेली. झाकणात वारा यायला बारीकसं भोक असतं. विक्रीआधीच्या रंगकामात ते बुजलं होतं. डिझेल जाईल तसतशी टाकीत पोकळी वाढायची आणि अर्ध्या तासात फीड पंपाची ताकद तिच्यापुढे संपायची. मेजरांनी टाचणीने भोक मोकळं केलं. ड्रायव्हरची बिडी तेवढी त्या वळणावर टिकून राहिली.

बसून राहणं त्याला सोसत नाही. फौजेतल्या गाड्या लिलावाआधी आवारात महिनोन् महिने उभ्या राहतात, तसा हाही राहिला होता. अर्ध्या रिकाम्या टाकीत रात्रीच्या गारव्याने दव धरतं. ते पाणी तळाशी बसतं आणि पाणी-डिझेलच्या सीमेवर सूक्ष्मजीवांची वसाहत होते. त्याची टाकी उतरवली तेव्हा तळातून काळा, बुळबुळीत, शेवाळासारखा थर निघाला. त्याने आठवडाभरात तीन फिल्टर गिळले होते. मेजर आता पावसाळ्यात त्याची टाकी काठोकाठ ठेवतात, आणि गाळणीचं पाणी सकाळी गाडी हलवण्याआधीच सोडतात. रात्रभर निवळलेलं पाणी तेव्हा तळाशी असतं. ट्रक एकदा हिंदकळला की ते पुन्हा डिझेलमध्ये मिसळतं.

डिझेल बदललं तेही त्याला पटलेलं नाही. त्याच्या तरुणपणी डिझेलमध्ये गंधक भरपूर असायचं. एप्रिल २०२० पासून देशभर मिळतं त्यात दशलक्षात फक्त १० भाग. गावाच्या हवेसाठी ते चांगलंच झालं, पण जुन्या डिझेलमध्ये फुगून बसलेली रबरी सीलं नव्या डिझेलमध्ये आक्रसतात आणि पाझरू लागतात. सीलं नवी घातली की कुरकुर थांबते.

राग मात्र त्याचा खरा भयंकर, म्हणून त्याविषयी स्पष्ट सांगतो. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही, त्यामुळे असलं जुनं इंजिन चावी फिरवून विझत नाही. डिझेल तोडलं तरच थांबतं, आणि ते तोडते पंपातली रॅक नावाची दातेरी पट्टी. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत ही पट्टी जागीच चिकटते. बंदच्या जागी चिकटली तर गाडी सुरू होत नाही, एवढ्यावर भागतं. पूर्ण डिझेलच्या जागी चिकटली तर सुरू होताच इंजिन स्वतःचे तुकडे होईपर्यंत पळत सुटतं. तेव्हा एकच उपाय, हवेचा मार्ग बंद करणं. दोन वर्षांनी शक्तिमानला पहिला स्टार्टर मारायचा होता त्या दिवशी मेजरांनी आधी पंपाचं झाकण काढून रॅक बोटाने सरकवून पाहिली. जाम होती. तेल सोडून, वाट बघून, हलक्या हाताने दुपारपर्यंत ती मोकळी केली. तरीही स्टार्टर मारताना त्यांनी एका पोराला जाड फळी घेऊन हवेच्या तोंडाशी उभं केलं होतं. फळी लागली नाही. ती अजून खुंटीला टांगलेली आहे.

त्याची तब्येत धुराच्या रंगावरून कळते. पांढरा आणि डोळ्यांना झोंबणारा धूर म्हणजे डिझेल न जळताच बाहेर येतंय. काळा म्हणजे खाणं जास्त आणि हवा कमी, किंवा नोझल फवारा मारायचं सोडून धार सोडतोय. निळा म्हणजे इंजिन ऑइल जळतंय, आणि मग पोटाचा दोष नाही. कोणता सिलिंडर मिसिंग करतोय हे शोधायला मेजर चालू इंजिनावर एकेका नोझलचा नट सैल करतात. आवाज पडला तर तो सिलिंडर कमावता. आवाजात फरकच नाही पडला तर आळशी सापडला. इथे नोझलच्या तोंडापुढे हात नेऊ नये. शेकडो किलोच्या दाबाचं डिझेल कातडी भेदून आत शिरतं, सुरुवातीला दुखतही नाही, आणि नंतर बोट गमवावं लागतं. मेजर हे सांगताना आवाज चढवतात. एरवी कधीच नाही.

माणसांविषयी मात्र शक्तिमानची तक्रार रास्त आहे. काही बिघडलं की सगळे आधी त्याच्या पंपावर उठतात. पंप महाग, पंप अवघड, म्हणजे दोष पंपाचाच! गेल्या वर्षी त्याला अशी पोटदुखी लागली की मोकळ्यावर तो तास न् तास घुमायचा आणि ओझं घेताच गळून जायचा. मेजर मुलीकडे गेले होते. मालकाने पंप उतरवला, कोल्हापूरला उद्यमनगरात कॅलिब्रेशनला पाठवला. पंप निर्दोष म्हणून परत आला. उतरवताना कपलिंगवर खूण केली नव्हती, त्यामुळे बसवताना टायमिंग चुकलं, आणि मूळ दुखण्याच्या जोडीला पांढरा धूर लागला. या प्रकाराचा मला आजही राग येतो. बोलता न येणाऱ्या रोग्याचं काळीज काढून तपासलं आणि नाडी पाहिली नाही.

मेजर आले. ड्रायव्हर म्हणाला, "मेजर, परत पंप उतरवू का?"

"हात लावू नगं. टाकीपास्नं ये."

आधी त्यांनी टायमिंग जुळवलं. मग फीड पंपाची दांडी वर ओढली आणि थबकले. ती सहज वर येत नव्हती. खालून कुणी धरून ठेवल्यासारखी मागे खेचली जात होती. टाकीकडची रबरी नळी त्यांनी सोडवली. बाहेरून ठणठणीत, नवी वाटावी अशी. चाकूने लांबीत चिरली तेव्हा दिसलं, आतलं अस्तर सुटून त्याची जीभ लोंबत होती. डिझेल हळू ओढलं की वाट मोकळी. जोरात ओढलं की जीभ आडवी. मेजरांनी ती चिरलेली नळी मालकाच्या हातात दिली आणि हात पुसायला निघून गेले.

त्याच रात्री घाटात कांद्याचा ट्रक कलंडल्याचा फोन आला. पाऊस होता. हवा काढून, धार स्वच्छ आल्याचं बॅटरीच्या उजेडात पाहून मेजरांनी स्क्रू आवळला आणि ड्रायव्हरला खूण केली. शक्तिमान एकदा खाकरला, पांढऱ्या धुराचा एक लोट सोडला, आणि मग सहाही सिलिंडर एका सुरात लागले. ड्रायव्हर घाटाकडे वळला. मेजर आंब्याखाली पावसातच उभे राहिले. पहिलं वळण, दुसरं वळण, मग तो चढ, जिथे पंधरा दिवसांपूर्वी तो गळून जायचा. आवाज तुटला नाही. बिडीचं वळण मागे टाकून तो ऐकू येईनासा झाला, तेव्हा मेजरांनी बॅटरी विझवली.