जवारी

तंबोरा घेऊन येणारे बहुतेक जण एकच मागणी करतात, "एकदाच काय ती नीट जवारी काढून द्या." एकदाच काय ती नीट, असं या धंद्यात काही नसतं. छेडलेली तार तिच्याखालच्या घोडीच्या किंचित उतरत्या पाठीला घासते, आणि त्या घासण्यातूनच तो भरलेला, गुंजणारा नाद, म्हणजेच जवारी, निघतो. पण तीच तार तिथेच रोज थोडी खाच पाडते. खाच खोल झाली की नाद बसतो. बोलता तंबोरा बिघडणारच. खोळीत झाकलेला बिघडत नाही म्हणावं, तर पावसाळ्याची दमट हवा त्यालाही सोडत नाही.

मग कानस घ्यायची, आणि हात आवरायचा. घोडीचं घासून गेलेलं हाड परत येत नाही. एका बैठकीत सगळे दोष काढायला निघालेला कारागीर खाचेबरोबर घोडीही संपवतो. मी हलकेच कानस फिरवतो, तार चढवतो, तारेखालचा दोरा मागेपुढे करून ऐकतो, पुन्हा तार उतरवतो. चारही तारा सारख्या क्वचितच खुलतात. जोड छान लागली की पंचम जरा रुसतो, नाहीतर खर्ज. तेवढ्यावर थांबावं, असं माझं मत.

मिरजेचे शिकलगार मुळात हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात ते वाद्यं घडवण्याकडे वळले. प्रत्येक धारेपायी पातं थोडं झिजतं, हे त्यांच्या हातांना आधीच ठाऊक असणार. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्या नावाच्या मागे हे हातही आहेत.

गाणाऱ्यांची मात्र गंमत वाटते. वाद्याला दिलेली सवलत ते स्वतःला देत नाहीत. आठवडाभर रियाज चुकला की गुरूंना तोंड दाखवायची लाज वाटते, मग महिना जातो. परत बसायचं तर पहाटे चारला, रोज तीन तास, असा पण होतो आणि चार दिवसांत मोडतो. गळ्यावर इतकी कानस कशाला? सा लावावा, हलला तर पुन्हा लावावा. भरल्या मैफलीत मोठे गवई मधेच थांबून तंबोरे जुळवून घेतात. श्रोत्यांत कुणी कुरकुरत नाही.

तेव्हा जवारी बसलीय म्हणून रियाज अडवू नका. आहे त्या तंबोऱ्यावर आज गा, तो सवडीने घेऊन या. घोडी जाड असेल तर जवारी अजून बऱ्याचदा काढता येईल.