गोंडघर फाटा

अरबी समुद्रात युद्धनौकेने शस्त्रांची बोट पकडली अशी बातमी आली, की आमच्या माळशिरसच्या टपरीवर एक वाक्य हमखास ऐकू येतं, "नेव्ही आहे म्हणून झोपतोय आपण." खरंय. जानेवारी २०२४ मध्ये सोमालियाजवळ अशाच एका गलबतावर रात्री चढताना अमेरिकेचे दोन नौसैनिक बुडाले. आत येमेनच्या हूतींसाठी चाललेले क्षेपणास्त्रांचे सुटे भाग सापडले. जिवाचं काम आहे ते.

पण मित्रहो, आपल्या महाराष्ट्रात काय झालं ते आठवा. ९ जानेवारी १९९३. रायगडच्या दिघी जेट्टीवर शस्त्रं उतरली. माल घेऊन निघालेल्या गाड्या गोंडघर फाट्यावर पोलिसांनी अडवल्या. हो, अडवल्या होत्या! मग सौदा ठरला, आणि पैसे हातात येईपर्यंत तारण म्हणून चांदीच्या पाच विटा ठेवून घेतल्या. गाड्या सुटल्या. फेब्रुवारीत शेखाडीला आरडीएक्स उतरलं, तिथे कस्टमवाल्यांनी डोळे मिटले. १२ मार्चला मुंबईत २५७ माणसं गेली. पुढे पोलीस आणि कस्टमचे अधिकारी दोषी ठरले, सुप्रीम कोर्टाचा निकाल यायला मात्र २०१३ उजाडलं.

त्या स्फोटांनंतर नौदल आणि तटरक्षक दलाने 'ऑपरेशन स्वान' नावाची गस्त सुरू केली. किनारा आपला शेकडो किलोमीटरचा, कोळ्यांच्या होड्या हजारोंनी. त्यात नेमकी कुठली तपासणार? २००८ ला 'कुबेर' गस्तीतून निसटून आलीच. कुलाब्याला उतरलेल्या त्या दहा जणांना "कोण रे तुम्ही?" म्हणून हटकलं ते मच्छीमारांनी.

समुद्रावर माल निसटला तर समजू शकतो, पाणी अफाट आहे. फाटा मात्र दहा फुटांचा असतो. आणि फाटे आमच्याकडेही आहेत, समुद्र नसला म्हणून काय झालं.

मागे निवडणुकीच्या वेळी एका नाक्यावर माझी गाडी थांबवली. डिकी उघडली, आईच्या औषधांची पिशवीसुद्धा उलटी करून बघितली. माझी तक्रार नाही, बघायलाच पाहिजे. तेवढ्यात मागून ताडपत्री बांधलेला डंपर आला. ड्रायव्हरने काच खाली केली, हात बाहेर काढला, दोन शब्द बोलला आणि निघाला. सगळे म्हणतात वाळू होती. असेल. ताडपत्री कुणी उचललीच नाही.