जयनगरचा बिनसाखरेचा मोआ

कोलकात्याच्या सियालदह स्थानकावरून दक्षिणेकडे जाणारी लोकल पकडली, की सुमारे दीड तासात जयनगर-मजिलपूर येते. थंडीच्या दिवसांत इथल्या मिठाईच्या दुकानांत मोआचे ढीग लागलेले दिसतात. दिसायला आपल्या लाडवासारखा. पण अस्सल मोआत साखर घालत नाहीत. कनकचूर या सुवासिक भाताच्या लाह्या ‘नोलेन’ म्हणजे नव्या गुळाच्या पाकात घोळवून, तूप-वेलदोडा घालून तो वळतात.

हा गूळ शिंदीच्या रसाचा. रस काढणाऱ्यांना ‘शिउली’ म्हणतात. ते झाडावर चढून खाच पाडतात, रात्रभर मडके बांधून ठेवतात आणि उजाडण्यापूर्वी उतरवतात. कारण उन्हात रस आंबतो. थंडी कमी पडली, की रस घटतो. शिवाय या जोखमीच्या कामाकडे तरुण मुले फारशी वळत नाहीत. मग गुळात साखरेची भेसळ होते.

२०१५ मध्ये जयनगरच्या मोआला भौगोलिक मानांकन मिळाले. नाव सुरक्षित झाले. चव मात्र अजूनही शिउलींच्याच हाती आहे. जायचे तर डिसेंबर-जानेवारीत जावे. मधुमेहींनी मात्र जपूनच खावा. गूळही शेवटी गोडच!