‘आई, जपून! पडाल!’

१ ऑगस्ट २०२४. चेंबूरच्या माझ्या दवाखान्यात दुपारचे शेवटचे तीन-चार रुग्ण उरले होते आणि सर्वांचे लक्ष कंपाउंडरच्या मोबाइलकडे होते. पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचे स्वप्निल कुसाळे पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन्सच्या अंतिम फेरीत उतरले होते.

मला मात्र हांगझोऊ आठवत होते. सप्टेंबर २०२३ मधील आशियाई स्पर्धेच्या अंतिम फेरीत कुसाळे आघाडीवर होते. उभ्या स्थितीतील एका गोळीला केवळ ७.६ गुण मिळाले आणि पदक हुकले. ते चौथे आले. एका गोळीला जास्तीत जास्त १०.९ गुण असतात. वर्षानुवर्षे कमावलेले कौशल्य काही एका क्षणात नाहीसे होत नाही. मग ऐन मोक्याच्या वेळी भल्याभल्यांचा हात का दगा देतो?

ताण आला की ॲड्रेनॅलिन वाढते, नाडी जलद चालते, स्नायू ताठरतात, हाताला सूक्ष्म कंप सुटतो. ही झाली शरीराची बाजू. दुसरी बाजू लक्षाची. सरावाने अंगवळणी पडलेली हालचाल लहान मेंदू आणि मेंदूतील खोलवरची केंद्रे आपोआप पार पाडतात. चुकण्याची धास्ती वाटली की आपण तीच हालचाल जाणीवपूर्वक, तुकड्यातुकड्यांनी करू लागतो आणि तिची लय मोडते.

हे केवळ खेळाडूंच्याच बाबतीत घडते असे नाही. त्या दुपारी बाकावर बसलेल्यांत एक निवृत्त शिक्षिका होत्या, वय अठ्ठ्याहत्तर. महिन्यापूर्वी बाथरूममध्ये घसरल्या होत्या. हाड मोडले नव्हते, धीर मात्र खचला होता. आडवे असताना व उभे राहिल्यावर रक्तदाब, साखर, दृष्टी, तळपायांची संवेदना, चालू औषधे हे सारे मी तपासले; काळजीचे काही आढळले नाही. निरोप देताना मी बजावले होते, “बाई, प्रत्येक पाऊल बघून टाका.” सूनबाईंनी हा सल्ला निष्ठेने पाळला. घरात महिनाभर एकच घोष : ‘आई, जपून! पडाल!’ त्या दिवशी बाई आत आल्या त्या मान खाली घालून, गुडघे ताठ ठेवून, इंच इंच सरकत. सून म्हणाली, “डॉक्टर, एकट्या असल्या की बऱ्या चालतात. कोणी बघू लागले की डगमगतात.”

इतक्यात कंपाउंडर ओरडला, “मेडल!” ४५१.४ गुणांसह कुसाळेंनी कांस्यपदक मिळवले होते. या प्रकारातील भारताचे पहिले ऑलिंपिक पदक. बाई बाकावरून उठल्या आणि समोर बघत चार पावले चालून थेट मोबाइलपाशी गेल्या. मी आणि सूनबाई एकमेकांकडे पाहतच राहिलो. पाय शाबूत होते. माझ्या सल्ल्याने त्यांचे सारे लक्ष पायांवर खिळवून ठेवले होते.

मी सल्ला बदलला. नजर पायांकडे नको, चार-पाच पावले पुढे हवी. ‘पडाल’ म्हणण्याऐवजी ‘त्या खिडकीपर्यंत जाऊ या’ म्हणावे. मागून दंड धरून ओढू नये. आपला कोपर पुढे करून त्यांना धरू द्यावा. चालताना प्रश्नांची सरबत्ती नको, विशेषतः रस्ता ओलांडताना किंवा स्मृतिभ्रंश वा पार्किन्सन असल्यास. सावधगिरीची जागा घराच्या रचनेत आहे : बाथरूममध्ये आधाराचा दांडा, न घसरणारी पायपुसणी, रात्री मंद दिवा. आणि तोल नव्याने जाऊ लागला असेल, तर ती भीतीच आहे असे गृहीत न धरता आधी डॉक्टरांना दाखवावे.

खेळाडू दडपणाखाली खेळण्याचाही सराव करतात. आम्हीही तेच केले. प्रथम रिकाम्या खोलीत, मग घरच्यांसमोर, मग जिन्यात, मग सोसायटीच्या आवारात. घाई केली नाही. मधे दोन दिवस बाईंनी चालायला साफ नकार दिला. तोही मान्य केला.

आता सकाळी त्या डायमंड गार्डनमध्ये एक फेरी मारतात. सूनबाई सोबत असतात. अर्धे पाऊल मागे, आणि गप्प.