वहीतली कळसूबाई

भूगोलाच्या तासाला गुरुजींनी विचारलं, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कुठलं? बापूनं हात वर केला आन् छाती फुगवून म्हणाला, "शिखर शिंगणापूर." सगळा वर्ग हसला. गुरुजीही हसले, आणि हसता हसता दोन छड्या दिल्या. आता खरं बघायला गेलं तर बापूचं काय चुकलं होतं? आमचा माळशिरस तालुका सगळा बसका. मळ्यातल्या बांधावर उभं राहून मावळतीला बघितलं की शंभू महादेवाचा डोंगर दिसायचा. त्याच्या पलीकडं आणखी उंच काही असंल, हे आमच्या ध्यानातच येत नव्हतं. आणि त्याच्या तर नावातच शिखर. चैत्रात सासवडहून तेल्या भुत्याची कावड येते आणि कोथळ्याच्या अंगानं मुंगी घाटातनं वर जाते. माणसं एकमेकांचे हात धरून साखळी करतात आणि कावड हातोहात वर चढवतात. लहानपणी वडलांच्या खांद्यावर बसून मी ते बघितलेलं. एवढी माणसं जिथं घामाघूम होतात त्याहून उंच जागा कशी असणार?

गुरुजींनी फळ्यावर लिहिलं : कळसूबाई, तालुका अकोले, उंची १६४६ मीटर. बापूनं ते वहीत उतरवून घेतलं. छडीचे वळ चार दिवसांत गेले, पण कळसूबाई काही त्याच्या डोक्यातनं गेली नाही.

दहावी होऊन आम्ही सगळे आपापल्या कामाला लागलो. मी शेतीत, बापू दुधाच्या किटल्या घालायला, तात्या वडलांच्या किराणा दुकानात. एकजण डी.एड. करून मास्तर झाला, त्याला आम्ही आजही मास्तरच म्हणतो. पाचवा मुंबईला माथाडीत जायच्या बेतात होता. १९८१ च्या पाडव्याला मारुतीच्या पारावर बापूनं विषय काढला. सायकलवर कळसूबाईला जायचं, डोंगर चढायचा, वर जाऊन गुरुजींच्या नावानं नारळ फोडायचा. आम्ही हसलो. मग हसता हसता कधी हिशोब करायला लागलो ते कळलंच नाही.

एसटीच्या कंडक्टरला विचारून विचारून रस्ता काढला. नातेपुते, फलटण, लोणंद, जेजुरी, सासवड, दिवे घाट उतरून पुणं. म्हणजे पुण्यापर्यंत पालखीचाच रस्ता, फक्त उलटा. पालखी जो घाट चढते तो आपण उतरायचा, यावर तात्या फार खूश होता. परत येताना चढायचा आहे हे कुणाच्या मनातच आलं नाही. पुढं खेड, मंचर, नारायणगाव, आळेफाटा, चंदनापुरीचा घाट, संगमनेर, अकोले, राजूर आणि पायथ्याचं बारी गाव. सगळं मिळून पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास बसत होतं. आम्ही तीन दिवस धरले. एकविसाव्या वर्षी माणूस असाच हिशोब करतो.

दर आठवड्याला प्रत्येकी दोन रुपये काढायचं ठरलं. पैसे माझ्याकडं, कारण माझं अक्षर बरं होतं आणि आमच्या घरात लाकडी कपाट होतं. वही केली. उजव्या पानावर पैसे, डाव्या पानावर सामान : पंप, पाना, सोल्युशन, ट्यूबचे तुकडे, बॅटरी, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ. दशम्या दुधातल्या पाहिजेत म्हणजे चार दिवस राहतात, हे तात्याच्या आईनं सांगितलेलं. माझी सायकल अ‍ॅटलस, तात्याची हर्क्युलस, बाकीच्यांच्या कुणाच्या कुणाच्या मागून आणायच्या. बापूची सायकल दुधाची, टायर पार गुळगुळीत झालेले. त्यानं घरातली शेळी विकून दोन नवे टायर घातले. घरच्यांना काय सांगितलं ते आम्ही विचारलं नाही.

थंडीत निघायचं होतं. कार्तिकात आमची मोटर जळाली.

व्होल्टेजच तसलं असायचं. विहिरीला पाणी होतं, नीरा उजव्या कालव्याची पाळी लांबलेली, आणि दोन एकर ऊस डोळ्यासमोर वाळत चाललेला. वडील सोसायटीत जाऊन आले, हात हलवत आले. त्या रात्री ते जेवले नाहीत. मी कपाट उघडलं. तीनशे साठच्या आसपास रुपये होते. सकाळी मोटर सायकलच्या कॅरिअरला बांधली आणि रिवाइंडिंगला घेऊन गेलो.

संध्याकाळी पारावर जाऊन सगळ्यांना सांगितलं, लपवलं नाही. मला वाटलं होतं कुणीतरी शिवी देईल, गचांडी धरंल. कुणी काही बोललं नाही. मास्तर म्हणाला, "ऊस जगला पायजे." तात्या म्हणाला, "पुढल्या वर्षी जाऊ." बापू उठून सायकलपाशी गेला, टायर दाबून बघितले आणि किटल्या अडकवून दूध घालायला निघून गेला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं असं मला कितीतरी वर्षं वाटत राहिलं.

पुढलं वर्ष काही आलं नाही. लग्नं झाली, पोरं झाली, वाटण्या झाल्या. मुंबईचा मित्र वर्षातनं एकदा यात्रेला यायचा, दर वेळी विचारायचा, "कळसूबाईचं काय झालं रं?" तो कोरोनात गेला. पोहोचवायलाही जाता आलं नाही.

मधल्या काळात एकदा पेपरात वाचलेलं मी बापूला दाखवलं होतं. स्वीडनचा गोरान क्रॉप नावाचा गडी घरापासून सायकल मारत नेपाळपर्यंत आला आणि २३ मे १९९६ ला ऑक्सिजन न घेता एव्हरेस्ट चढला. त्याच महिन्यात आधी एकदा शिखर शंभरेक मीटरवर राहिलं असताना तो उशीर झाला म्हणून माघारी फिरला होता. बापूनं नीट वाचून घेतलं, म्हणाला, "ह्याचं सामान कोण संभाळत होतं?" एवढंच. आता ह्यात मला टोमणा होता का नव्हता, ते मी आजवर ठरवू शकलो नाही.

२०२२ च्या दिवाळीत नातवाला गिअरची सायकल आली. त्याचा मामा अकलूजला सायकलवाल्या पोरांत असतो. त्यानं बीआरएम म्हणून एक प्रकार सांगितला. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत, सहाशे चाळीस तासांत. नाशिकच्या महाजन डॉक्टर भावांनी २०१५ साली अमेरिका आडवी पार केली, दोघांत मिळून, सायकलवर, तेही सांगितलं. मी ऐकलं, माडीवर गेलो, जुन्या पेटीतनं वही काढली. कसर लागलेली, पण हिशोब वाचता येत होता.

चौघं पारावर बसलो. वय बासष्ट. तात्याला साखर, मास्तरला बीपी, बापूचे गुडघे दुधानं खाल्लेले. मी म्हटलं, "तीन दिवस नको, पाच धरू. रोज सत्तर-ऐंशी." बायको कधी मागं येऊन उभी राहिली कळलं नाही. "आवं, जिना चढताना धापा टाकताय, आन् डोंगर कसला चढताय?" तिला उत्तर द्यायला कुणाकडं काही नव्हतं. पण बापू म्हणाला, "वयनी, चढलो न्हाय तर उतरून येऊ. बघून तर येऊ." मग पैशाचं निघालं. प्रत्येकी दोन हजार. मी गप्प बसलो. मास्तर म्हणाला, फोनवर एक खातं करू. बापू म्हणाला, "कशाला? ह्याच्याकडंच दे. वही ह्याच्याकडंच हाय."

तालीम म्हणून डिसेंबरात पहाटे निघून नातेपुत्यावरनं कोथळ्याला गेलो, मुंगी घाट चढायला. पालखीमार्ग आता चौपदरी होतोय, कितीतरी जुनी झाडं गेली. सावली नाही पण रस्ता गुळगुळीत, त्यामुळं सायकल चालते चांगली आणि जीव लागत नाही. कोथळ्यात एकाच्या अंगणात सायकली लावल्या आणि चढायला लागलो. लहानपणी खांद्यावरनं बघितलेला घाट आणि बासष्टाव्या वर्षी पायाखालचा घाट एक नाही. खडी चढण, धोंडे, हाताला धरायला काही नाही. निम्म्याच्या वर गेलो आणि बापू एका दगडावर बसला. उजवा गुडघा दोन्ही हातांनी धरलेला.

"तुम्ही जावा वर. मी बसतो."

तात्या आणि मास्तर पुढं गेले. मी बापूजवळ बसलो. खाली आमचा तालुका पसरलेला, उसाचे हिरवे पट्टे, मधे पांढरं माळरान. बराच वेळ गेला. मग मी म्हटलं, "बापू, ते एक्याऐंशीचे पैसे..."

तो म्हणाला, "पैशाचं मला कधीच काय वाटलं न्हाय. तुझा ऊस वाळला असता. पर त्या टायरचं लई वाईट वाटलं गड्या. सहा वर्सं त्याच टायरवर दूध घातलं. रोज सकाळी हवा भरताना वाटायचं, हे कळसूबाईचं टायर हाय."

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं नव्हतंच. पिशवीतनं दशमी काढली, अर्धी अर्धी खाल्ली. वरनं तात्याची हाक आली, ते महादेवापाशी पोहोचले होते. बापू म्हणाला, "तू जा की." मी म्हटलं, चैत्रात कावडीला येईन. आम्ही दोघं बसून बसून, दगड धरत खाली आलो. उतरायला चढण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

त्यानंतर बेत बदलला. तात्याच्या पोराचा छोटा हत्ती सोबत न्यायचा, ज्याला जमंल तो सायकल मारंल, थकंल तो गाडीत. बारीपर्यंत सगळे जायचं. डोंगरावर लोखंडी शिड्या आहेत, तिथं बापूचा गुडघा चालणार नाही हे डॉक्टरनं स्पष्ट सांगितलंय. बापू म्हणतो पायथ्याला बसून मी सायकली राखीन. मास्तर म्हणतो शिडीपर्यंत तरी चल. दोघांचं रोज फोनवर भांडण चालू आहे. आमच्या घरी औषधांची वेगळी पिशवी तयार झाली आहे. आणि वहीच्या डाव्या पानावर सोल्युशनच्या खाली बायकोनं स्वतःच्या हातानं गुडघ्याचा पट्टा लिहिलाय, दोन नग.

तारीख ठरत नाही, कारण माझी ऊसतोड राहिली आहे. टोळी आज येते, उद्या येते असं चालू आहे. तोड झाली की चौथ्या दिवशी निघायचं. तात्याचे आणि मास्तरचे पैसे आलेत. बापूचे काल आले, पाचशेच्या चार नोटा, दुधाच्या पावतीत गुंडाळलेल्या. मी त्याच्यासमोरच वहीत लिहिले आणि त्याची सही घेतली.